खाडीतले चौदा रोहित

पोस्टकार्ड आलं तेव्हा बळवंत चुरी मोरीत बसून कान घासत होता. त्या आठवड्यात त्याचे कान गुलाबी होते. त्याच्या आधीच्या आठवड्यात ते निळसर होते, आणि दिवाळीच्या सुमाराला तर असे काही पोपटी झाले होते की शेजारच्या रंभाबाईंनी सुलूला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ह्यांना काय विषबाधा वगैरे झाली का गं?" रंगाच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्याला हे चुकत नाही. बोईसरला पाळी सुटल्यावर माणसाच्या कानामागे बघून तो कुठल्या खात्यात आहे हे अचूक सांगणारे चहावाले होते.

बळवंत कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या चिंधीचा रंग आणि आपल्या पिंपातला रंग तंतोतंत जुळतो की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं, हे त्याचं काम. सतरा वर्षं हेच केल्यामुळे त्याची नजर इतकी तयार झाली होती की लग्नात नवरीचा शालू बघून तो "पदर दुसऱ्या घाण्यात रंगवलेला आहे," असं मोठ्याने म्हणे, आणि सुलू त्याला कोपराने ढोसून गप्प करी.

"अवो, हेडमास्तरांचं कार्ड हाय," सुलू मोरीच्या दाराशी उभी राहून म्हणाली. "खाडीत चौदा रोहित आलेत म्हणे. कुनाची पोरं ती?"

बळवंतच्या डोळ्यात साबण गेला. "पोरं नाय गं! रोहित म्हणजे फ्लेमिंगो! गुलाबी पक्षी असतो, माणसाच्या छातीएवढा. आण बघू इकडं!"

ओल्या हातांनी त्याने कार्ड घेतलं. जांभळ्या शाईत, एकाही काना-मात्रेची चूक नसलेल्या अक्षरात हेडमास्तरांनी लिहिलं होतं की परवा संध्याकाळी तारापूरहून एस.टी.ने परतताना बंद पडलेल्या मिठागराजवळ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी चौदा रोहित पक्षी पाहिले. सबब मंडळाची हिवाळी फेरी येत्या रविवारी सकाळी सात वाजता तिथेच होईल. कार्यवाहांनी चहा-पोह्यांची व्यवस्था करावी. कार्यवाह म्हणजे बळवंत.

पक्षिमित्र मंडळ हे हेडमास्तर नागोरावांचं अपत्य. नोकरीसाठी वऱ्हाडातून आलेले नागोराव निवृत्त झाल्यावर इथेच राहिले, आणि वर्गात बसवायला मुलं उरली नाहीत म्हणून त्यांनी पक्षी धरले. पावसाळ्यात मासवणला सूर्या नदीच्या काठी, हिवाळ्यात खाडीवर आणि उन्हाळ्यात चिंचणीच्या सुरूच्या बनात अशा तीन फेऱ्या निघत. सभासद सात. त्यातले चार नियमित, दोन पोह्यांपुरते आणि एक नुसता यादीत. मागच्या पावसाळी फेरीला तर एकूण तीन माणसं होती आणि पक्षी दोन. त्यातला एक कावळा.

बळवंतचा मात्र या मंडळावर फार जीव. आठवडाभर दुसऱ्याच्या चिंध्यांशी रंग जुळवणाऱ्या माणसाला कुणाशीच जुळवायची गरज नसलेला एखादा खंड्याचा निळा दिसला की दोन दिवस बरे जात. चौदा रोहित म्हणजे तर आयुष्याची कमाई. त्या रात्री त्याने सुलूला फ्लेमिंगोची चोच कशी वाकडी असते हे उलथन्याने दाखवलं.

मंगळवारी त्याला शेठच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. सतरा वर्षांत तिसऱ्यांदा. बळवंत शर्टाची कॉलर नीट करत आत गेला.

"चुरी, तू पक्षीवाला हाय, आणि मला बोलला नाय?" कापडियाशेठ खुर्चीतून चक्क उठले. "तुमचे हेडमास्तर आले होते. रविवारी मला प्रमुख पाहुणा केला. मला एक सांग, हे फ्लेमिंगो गंदा पाण्यात येतात काय?"

"छे छे साहेब," बळवंत उत्साहाच्या भरात म्हणाला. "चोखंदळ पक्षी. कुठेही उतरत नाही तो."

"हेच! हेच मला पायजे!" शेठनी टेबलावर थाप मारली. "दोन वरस झाले, ग्रामपंचायतवाले माझ्या मागे. नाला, नाला, नाला! आता पेपरात फोटो येनार. चौदा फ्लेमिंगो, आणि बाजूला मी. मग कोण बोलतो नाला, बघू! कंपनीचा टेम्पो घेऊन जा. पब्लिक आणा. आणि चुरी, फोटोत तू पन उभा राहा."

केबिनमधून बाहेर आलेला बळवंत दोन बोटं उंच झाला होता. बुधवारी स्थानिक साप्ताहिकाचा वार्ताहर रामनाथ नावं लिहून घ्यायला आला. गुरुवारी बँकेतले लोक बायकामुलांसकट येणार असल्याचं कळलं. शुक्रवारी हेडमास्तरांनी निरोप पाठवला की मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या जमुनाबाई लोटलीकर मुद्दाम येत आहेत. पोह्यांचा आकडा पन्नाशीपलीकडे गेला आणि सुलूने चाळीतल्या सगळ्या परातींवर हक्क सांगितला.

इतकी माणसं येणार, तर आधी आपण एकदा जागा बघून यावी, पक्षी कुठे बसतात, ऊन कुठून येतं हे पाहून ठेवावं, अशा शहाण्या विचाराने बळवंत शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर सायकल मारत मिठागरावर गेला.

मिठागर बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. बांध फुटले होते, खाडीचं पाणी आतबाहेर करत होतं आणि राखण करायला म्हणून मालकाने ठेवलेला सुका तेवढा एका झोपडीत बायको आणि कुत्र्यासह राहत होता. बळवंतने बांधाआड उकिडवं बसून दुर्बीण डोळ्यांना लावली. पाण्यात, लांबवर, खरोखरच गुलाबी पक्षी उभे होते. मोजले. चौदा.

पक्षी बघणाऱ्या बळवंतला लगेच काहीतरी खटकलं. मान रोहिताची नव्हती. उंची निम्म्यानेही नव्हती. चोच वाकडी असायला हवी होती, ती सरळ, काळी, सुईसारखी होती. एकाने पाय उचलला तर पंजा पिवळा. अरे, हे तर साधे लहान बगळे! पण बगळा, आणि गुलाबी?

मग रंग जुळवणाऱ्या बळवंतने पाहिलं. त्या गुलाबीत उन्हाच्या बाजूला जराशी नारिंगी झाक होती आणि सावलीत ती किंचित राणी रंगाकडे झुकत होती. अशी झाक निसर्गात नसते. अशी झाक जगात एकाच ठिकाणी तयार होते, हे त्याला माहीत होतं, कारण ती त्याने स्वतः आठ महिने खपून जुळवली होती. कारखान्यात तिचं नाव गुलाबी थ्री-बी.

"काय बगता, भाऊ?" मागून सुका आला. त्याचं कुत्रंही आलं. त्याचे चारही पाय घोट्यापर्यंत थ्री-बी होते.

"सुका, हे बगळे असे कधीपासून?"

"झाले की आठ-धा दिस. पयले पांडरेच व्हते." सुकाने विडी काढली. "तुमचे कंपनीमागं पाइप फुटलाय नाय का? थितं डबकं झालंय. सकाळचे थितं नाल्यावर असतात, आंगोळ करतात, दुपारचे हितं येतात, झोपाया बी हितंच. आमी दोनदा सांगाया गेलो कंपनीत. गेटावरचा बोलला, अर्ज लिवून आन. आमाला लिवता आलं असतं तर आमी हितं बगळे राखीत बसलो असतो काय?"

बळवंतने कारखान्याच्या दिशेला पाहिलं. सतरा वर्षं तो त्या कारखान्याच्या पुढच्या दाराने आत गेला होता आणि पुढच्याच दाराने बाहेर आला होता. मागे काय आहे हे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

तो तिथून तडक हेडमास्तरांकडे गेला. नागोराव ओसरीवर बसून उद्याच्या भाषणाची शेवटची प्रत काढत होते.

"सर, मी आत्ता खाडीवर जाऊन आलो. ते रोहित नाहीत. बगळे आहेत."

नागोरावांनी टाक खाली ठेवला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदा दिलेला गुण कधी बदलला नव्हता. "रंग कोणता आहे?"

"गुलाबी, सर."

"बगळ्याचा रंग कोणता असतो?"

"पांढरा, सर."

"पुस्तकात गुलाबी बगळा कुठे आहे?"

"कुठे नाही, सर."

"आणि गुलाबी रोहित?"

"आहे, सर."

"मग उत्तर काय आलं?" हेडमास्तरांनी विजयाने चष्मा पुसला. "चुरी, नजरेवर जाऊ नये. आधाराने बोलावं."

आधार बळवंतकडे होता. पण तो सांगायचा म्हणजे आपल्या कारखान्याचा पाइप फुटलाय हे सांगायचं, आणि हेडमास्तर ते शेठना शुद्ध मराठीत, स्वल्पविरामांसकट सांगून मोकळे झाले असते. सोमवारी बळवंतच्या जागी दुसराच कुणीतरी चिंध्या बघत बसला असता. तो "बरं सर," म्हणून उठला.

घरी सुलू पोहे निवडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग त्याचा चेहरा बघून तिने हसणं आवरलं.

"मंग आता?"

"आता काय! त्या बाई मुंबईहून येतायत. एका नजरेत ओळखतील. मग रंग कुठला, हे निघेल. शेठ बाजूलाच उभे, रामनाथ कॅमेरा घेऊन. माझं काही खरं नाय सुलू."

"मानसांना काय थांबवता येनार नाय," सुलू पोह्यांतला खडा फेकत म्हणाली. "पन पाखरांनाच एक दिवस सुट्टी दिली तर? पाखरं नाय दिसली, संपलं. तुमच्या फेरीला कदी दिसतात म्हना!"

हा टोमणा होता. पण बुडत्याला टोमण्याचाही आधार. बळवंतने माळ्यावरून दिवाळीतले उरलेले दोन डबे सुतळी बॉम्ब काढले आणि अंधार पडायच्या आत पुन्हा मिठागर गाठलं.

"सहा वाजता वाजव," त्याने सुकाला बजावलं. "माणसं सात वाजता येतील. त्याच्या आत पाखरं उडून नाल्यावर गेली पाहिजेत. सहा म्हणजे सहा."

"माज्याकडं घड्याळ नाय."

"मग उजाडलं की लगेच."

"उजाडलं की," सुकाने मान डोलावली, आणि बॉम्ब जपून ठेवायचे म्हणून झोपडीत चटईखाली, जमिनीवर ठेवले. ती जमीन मिठागराची होती. मीठ रात्रभर हवेतला ओलावा पीत राहिलं आणि सुतळी बॉम्ब मिठातला.

रविवारी पावणेसातला टेम्पो, शेठची जीप आणि सायकलींची रांग मिठागरावर पोचली. त्रेपन्न माणसं. बायका हळदीकुंकवाला निघाव्यात तशा नटून आलेल्या. हेडमास्तरांनी कार्डात "भडक रंगाचे कपडे टाळावेत" असं लिहिलं होतं; कापडियाशेठ लालभडक टोपी घालून आले होते. जमुनाबाई लोटलीकर मात्र मातकट रंगाच्या सुती साडीत, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात जुनी दुर्बीण अशा एका कोपऱ्यात उभ्या होत्या आणि कुणाशी फारसं बोलत नव्हत्या. न बोलणारा तज्ज्ञ जास्त धोक्याचा, हे जाणून बळवंत घाईने बांधावर चढला.

त्याने बांधावरून पाण्याकडे पाहिलं. चौदाही बगळे जागच्या जागी, थ्री-बी रंगात, पिसं साफ करत उभे होते. सुकाचा पत्ता नव्हता. झोपडीतून धूर मात्र निघत होता.

"बंधू-भगिनींनो!" हेडमास्तरांनी हळू आवाजात गर्जना केली. "समोर पाहा. रोहित! कच्छच्या रणातून..."

"वाह! वाह!" शेठ म्हणाले. "रामनाथभाऊ, फोटो!"

जमुनाबाईंनी दुर्बीण वर केली. भिंग फिरवलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुर्बीण खाली घेतली, भिंगं पदराने पुसली आणि पुन्हा लावली. मग त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

त्याच क्षणी धडाम्‌ असा आवाज झाला. पाठोपाठ दुसरा, तिसरा, आणि मग उरलेले सगळे एकदमच. पहाटे पेटेनात म्हणून सुकाने बॉम्ब चुलीशेजारी शेकत ठेवले होते. ते आता एका दमात वाळले होते. झोपडीतून आधी कुत्रं, मग सुका आणि त्याच्या मागून हातात तवा घेतलेली त्याची बायको सोमी बाहेर पडली. सोमी जे बोलत होती ते पक्षिमित्रांच्या बायकांनी कान देऊन ऐकलं.

चौदा बगळे उठले. कोवळं ऊन त्यांच्या पंखांतून आरपार गेलं आणि भर डोक्यावरून, इतक्या खालून की पंखांचा वारा लागला, ती गुलाबी माळ पूर्वेकडे निघून गेली. भीतीने अर्धमेला झालेल्या बळवंतलाही क्षणभर वाटलं की आपण आजवर इतकं सुंदर दुसरं काही केलेलं नाही. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"संपलं," त्याने सुस्कारा सोडला. "गेले बिचारे. चला, आता चहा..."

"चहा कसला!" हेडमास्तर धोतराचा सोगा खोचत ओरडले. "ते बघा, तिकडे उतरतायत! दीड मैलसुद्धा नाही! गाडीत बसा सगळे!"

"चलो चलो!" शेठ जीपमध्ये चढले. "ड्रायव्हर, पक्षीके पीछे!"

बळवंतने जायला नको म्हणून जी कारणं सांगितली ती अशी: तिकडे रस्ता नाही, तिकडे काटे आहेत, तिकडे साप आहेत, पोहे गार होतील. कुणी ऐकलं नाही. सात माणसांच्या मंडळाचं त्रेपन्न माणसं ऐकत नाहीत. जीप पुढे, टेम्पो मागे, सायकली त्याच्या मागे, अशी वरात निघाली. पक्षी वळतील तशी जीप वळत होती. औद्योगिक वसाहतीचा फाटा आला. मग कारखान्यांच्या मागची कच्ची वाट. एका लांबलचक भिंतीच्या कडेने जाताना शेठ म्हणाले, "ही भिंत तर आपलीच वाटते," आणि एवढ्यात जीप थांबली, कारण पुढे डबकं होतं.

डबकं झगझगीत गुलाबी होतं. भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता, त्याला हातभर चीर गेली होती आणि तिच्यातून गुलाबी धार शांतपणे पडत होती. धारेखाली चौदा बगळे रांगेने आंघोळ करत होते. त्यांच्याजवळ दोन बगळे नुकतेच आलेले असावेत. ते अजून पोटापर्यंतच गुलाबी होते.

त्रेपन्न माणसं डबक्याभोवती उभी राहिली. एवढ्या शांततेत मंडळाची फेरी यापूर्वी कधी झाली नव्हती.

"लहान बगळे," जमुनाबाई लोटलीकर अखेर बोलल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "चोच सरळ आहे, काळी. पंजे पिवळे. रंग मात्र त्यांचा नाही."

सगळ्यांच्या नजरा पाइपाच्या धारेने वर चढत भिंतीपर्यंत गेल्या, आणि भिंतीवरून शेठच्या लाल टोपीवर उतरल्या. रामनाथने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

"नो, नो, मॅडम!" कापडियाशेठना घाम फुटला, पण माणूस धंद्यातला होता. "हे आमचा रंग नाय. होऊच शकत नाय! आमचा गुलाबी एकदम साधा माल. पाणी लागला की गेला. दोन धुण्यात पांढरा फटक! हे पक्षी तर रोज खाऱ्या पाण्यात उभे राहतात. आमचा रंग असता तर कधीच उतरला असता. हे कुदरती हाय! विचारा, विचारा आमच्या चुरीला. आमचा माणूस हाय, तुमचा पन माणूस हाय. बोल चुरी, आपला गुलाबी टिकतो काय?"

सगळे बळवंतकडे वळले. शेठनी त्याच्यासाठी दार सताड उघडून ठेवलं होतं. "नाही साहेब," एवढे दोन शब्द बोलले की नोकरी वाचत होती, हेडमास्तरांची लाज राहत होती आणि पोहे खाऊन सगळे घरी जाऊ शकत होते. टेम्पोजवळ उभी असलेली सुलू डोळ्यांनी सांगत होती, बोला, नाय म्हना, मोकळे व्हा.

बळवंतने तोंड उघडलं. "ना..." इथपर्यंत त्याला आलं.

"दोन धुण्यात?" त्याच्याच तोंडून शब्द बाहेर पडले. "थ्री-बी? दोन धुण्यात?"

"चुरी," शेठ दातांतून म्हणाले.

"साहेब, आठ महिने! आठ महिने खपलोय मी त्या रंगासाठी!" बळवंतचा आवाज चढत गेला. "साबणातून काढलाय, सोड्यातून काढलाय, लिंबाच्या रसातून काढलाय. गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात तुकडे टांगलेत. घामाची चाचणी माझ्या स्वतःच्या बनियनवर केलीय, विचारा आमच्या हिला! कण नाय उतरला! आणि तुम्ही चारचौघांत सांगता, पाणी लागलं की जातो? तो बघा तो बगळा! आठ-दहा दिवस खाऱ्या पाण्यात उभा आहे. मिठाने लोखंड खाल्लं असतं एव्हाना. एका पिसाचा तरी रंग उडालाय का, दाखवा मला!"

तो थांबला. आपण काय बोललो हे त्याला इतरांच्या चेहऱ्यांवरून कळलं. रामनाथ पेन्सिल चालवत म्हणाला, "जरा सावकाश, चुरीभाऊ. लिंबाच्या रसानंतर काय म्हणालात?"

शेठ जीपकडे वळले. जाता जाता ते एकदा वाकले, त्यांनी डबक्याकाठचं काहीतरी उचललं, आणि जीप निघून गेली. तिच्या मागोमाग कंपनीचा टेम्पोही गेला. मग परातींसकट उरलेली माणसं चालत परत निघाली.

सगळ्यांत मागे हेडमास्तर नागोराव चालत होते. त्यांचं भाषण खिशातच राहिलं होतं आणि ते एकाएकी फार म्हातारे दिसत होते. बळवंतला त्यांच्याजवळ जायचा धीर होईना. जमुनाबाईच थांबल्या आणि त्यांच्या बरोबरीने चालू लागल्या.

"सर, तुम्ही ते एस.टी.तून पाहिलेत ना? चालत्या गाडीतून?"

"हो," हेडमास्तर म्हणाले. "चूक झाली."

"ओळखण्यात झाली. पण चालत्या गाडीतून चौदा मोजलेत, आणि ते चौदाच होते. माझे विद्यार्थी उभ्याने मोजतात तरी दोन कमी भरतात."

हेडमास्तरांनी मान ताठ केली. "मोजणीत माझी सहसा चूक होत नाही," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने त्यांनी पोहे मागितले.

सोमवारी सुलूने डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. "काडून टाकलं तरी जेवूनच या," ती म्हणाली. "आनि एक सांगू का? काल तुमी बोलत व्हता न, तवा मला बरं वाटलं. बनियनचं बोलायला नको व्हतं, पन बाकी बरं वाटलं."

अकराला बोलावणं आलं. बळवंत आत गेला तेव्हा शेठ खुर्चीत पुढे वाकून टेबलावरच्या काचेच्या पेल्याकडे बघत होते. पेल्यात पाणी होतं आणि पाण्यात एक गुलाबी पीस.

"बस," शेठ म्हणाले. त्यांनी नजर उचलली नाही. "काल दुपारी मिठाच्या पाण्यात टाकला. रात्री साबण घातला. सकाळी माझ्या बायकोने कपड्याची पावडर टाकली. बघ."

बळवंतने पाहिलं. पाणी नितळ होतं. पीस जसंच्या तसं थ्री-बी.

"नाय उतरत," शेठ हलक्या आवाजात म्हणाले.

"नाही उतरत, साहेब."

"एवढा पक्का माल!" शेठ एकदम उसळले. "एवढा पक्का माल, आणि आपण नाल्यात सोडतो? बगळ्यांना फुकट? कुत्र्यांना फुकट? कोणाला अक्कल हाय की नाय इथे?" त्यांनी घंटीवर हात आपटला. "फिटरला बोलाव! वेल्डरला बोलाव! चार वाजेपर्यंत तो पाइप बदलला पायजे. एक थेंब बाहेर गेला तर याद राख!"

गावाचे दोन ठराव, ग्रामपंचायतीचे अर्ज आणि सुकाच्या दोन खेपा यांनी जे झालं नव्हतं, ते चारला पाच मिनिटं कमी असताना झालं. बळवंत स्वतः मागे जाऊन बघून आला. आनंद मानावा की कपाळावर हात मारावा हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्याने वेल्डरला चहा पाजला.

पण शेठनी त्याला एवढ्यावर सोडलं नव्हतं. "आणि चुरी," त्याला दारातून परत बोलावून ते म्हणाले होते, "तुझे ते बगळे. रोज सकाळी जायचं. कंपनीच्या टायमात जायचं. रंग किती दिवस टिकतो त्याचा रिपोर्ट पायजे, टाइप करून, माझ्या टेबलावर. सुरतेच्या पार्टीला दाखवतो. असा टेस्ट कोणाच्या बापाने केला नसेल."

मंगळवारी सकाळी साडेसहाला बळवंत चुरी, गळ्यात दुर्बीण आणि मांडीवर कारखान्याचा छापील तक्ता घेऊन, पगारी वेळेत मिठागराच्या बांधावर बसला होता. खाडीवर धुकं होतं. शेकाटे पक्षी ओरडत होते. तक्त्यावर 'नमुन्याचा प्रकार' असा रकाना होता, तिथे 'सुती कापड' छापलेलं होतं. त्याने ते खोडून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'लहान बगळा, नग चौदा, जिवंत.' 'माध्यम'पुढे लिहिलं, 'खाडीचं पाणी.'

तेवढ्यात सोमीने झोपडीबाहेर तवा घासायला घेतला. खणखणाट झाला, आणि चौदाही बगळे उठून धुक्यात दिसेनासे झाले. बळवंत ते गेले त्या दिशेला बराच वेळ बघत राहिला. मग शेवटचा रकाना शेऱ्याचा होता, तो त्याने प्रामाणिकपणे भरला:

'रंग उडाला नाही. नमुना उडाला.'